नाव उरले, आराखडा हरपला

संगणकावर कष्टाने सिद्ध केलेला एखादा आराखडा चुकून पुसला जावा, पुनर्प्राप्तीचे सॉफ्टवेअर चालवून तो परत मिळवावा, फाइलीचे नाव आणि आकारमान पूर्वीप्रमाणेच दिसावे आणि उघडू जाता ती उघडू नये, हा अनुभव वास्तुशिल्पी, अभियंते व मुद्रणालयांतील सजावटकार यांना अपरिचित नाही. परत आलेली फाइल अशी मुकी का होते, याचा उलगडा आज करावयाचा आहे.

श्रोतेहो, फाइल पुसणे म्हणजे काय, ते प्रथम पाहू. जुन्या पोथ्यांची पाने सुटी असत, हे आपणांस ठाऊक आहेच. डिस्कवरील फाइल ही अशीच सुट्या पानांची पोथी होय. विंडोज प्रणालीत एकेक पान बहुधा ४ किलोबाइटांचे असते. म्हणजे १० मेगाबाइटांच्या आराखड्याची २,५६० पाने झाली. ती सलग असतीलच असे नाही. जेथे जागा मोकळी सापडेल तेथे ती ठेवली जातात, आणि कोणते पान कोठे आहे याची नोंद एका स्वतंत्र सूचीत असते. आपण फाइल पुसतो तेव्हा सामान्यतः ही नोंद तेवढी रद्द होते. पाने जागच्या जागीच राहतात. पुनर्प्राप्तीची सारी आशा या एका गोष्टीवर उभी आहे, आणि तिच्या अपयशाची बीजेही येथेच आहेत.

पेन ड्राइव्हांवर पुष्कळदा आढळणारी 'फॅट ३२' ही पद्धत घ्या. तीत फाइल पुसली की नाव व आकारमान यांचा माग बहुतांशी शिल्लक राहतो, परंतु एका पानावरून दुसऱ्याकडे नेणारी साखळी पुसली जाते. मग सॉफ्टवेअर पहिल्या पानापासून पुढची पाने सलग आहेत असे गृहीत धरून पोथी बांधते. पाने विखुरलेली असतील, तर मध्येच परक्या पोथीची पाने शिरतात. नाव बरोबर, आकार बरोबर, आतला मजकूर मात्र भलताच! 'एनटीएफएस' पद्धतीत पानांचे पत्ते पुष्कळदा टिकून राहतात. म्हणून तेथे यशाची शक्यता अधिक.

दुसरे कारण म्हणजे मोकळ्या मानलेल्या जागेवर नवे लेखन होणे. गोंधळलेला मनुष्य त्याच डिस्कवर पुनर्प्राप्तीचे सॉफ्टवेअर उतरवून घेतो, आणि जे वाचवावयाचे त्याच्यावरच आघात करतो. तिसरे कारण नव्या काळाचे आहे. एसएसडी या साठवणुकीत 'ट्रिम' नावाची सूचना असते. पुसलेली जागा आता निरुपयोगी आहे, असे संगणक तिला कळवितो आणि ती जागा आतून साफ केली जाते. अशा वेळी परत आलेल्या फाइलीत आरंभापासून अंतापर्यंत केवळ शून्येच सापडतात.

साध्या मजकुरातील एक पान गेले, तरी उरलेले वाचता येते. आराखड्याची फाइल इतकी सोशीक नसते. तिच्या अंतरंगात स्वतःची अनुक्रमणिका असते आणि एक भाग दुसऱ्याचा पत्ता सांगत असतो. ऑटोकॅडच्या फाइलीच्या आरंभी आवृत्ती सांगणारी सहा अक्षरांची खूण असते. २००० सालच्या आवृत्तीसाठी ती 'एसी१०१५' अशी आहे. कोरलड्रॉची फाइल २००८ सालच्या एक्स४ आवृत्तीपासून झिप पद्धतीने बांधलेली असते, आणि झिपची अनुक्रमणिका शेवटी असते. शेपूट तुटले की सारा ग्रंथ अडतो.

तेव्हा करावे काय? फाइल गेल्याचे ध्यानी येताच त्या डिस्कवरील लेखन तत्काळ थांबवावे आणि पुनर्प्राप्त फाइल दुसऱ्याच डिस्कवर उतरवावी. ती उघडत नसेल, तर तिचे अंतरंग फाइलीतील अंक जसेच्या तसे दाखविणाऱ्या साधनाने पाहावे. तेथे निव्वळ शून्ये असतील, तर दुरुस्तीच्या कोणत्याही सॉफ्टवेअरवर पैसा खर्च करू नये. जे तेथे नाहीच ते कोण दुरुस्त करणार? आरंभीची खूण शाबूत असेल, तर ऑटोकॅडमधील 'रिकव्हर' व 'ऑडिट' या आज्ञा वापरून पाहाव्यात. तत्पूर्वी शेजारी 'बीएके' प्रकारची राखीव प्रत आहे का, ते शोधावे. तिचे नामप्रत्यय बदलून 'डीडब्ल्यूजी' केले की पूर्वीच्या जतनाची अवस्था हाती येते. कोणाला ईमेलने धाडलेली प्रतही अशा वेळी उपयोगी पडते.

येथे एक गंभीर इशारा देणे अवश्य आहे. दुरुस्त झालेली फाइल उघडली, म्हणजे ती पूर्ण आहे असे समजू नये. दुरुस्ती करताना सदोष घटक वगळले जाऊ शकतात. पुलाच्या नकाशातून लोखंडी सळ्यांची एक ओळ किंवा जलवाहिनीच्या नकाशातून एक झडप नाहीशी झाली, तर न उघडणाऱ्या फाइलीपेक्षा अशी उघडलेली फाइल अधिक घातक ठरेल. म्हणून छापील प्रतीशी ताडून पाहिल्यावाचून तिच्या आधारे काम सुरू करू नये.

महत्त्वाच्या आराखड्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या वास्तूत असावी, हा जाणत्यांचा दंडक आहे. त्याला एवढीच पुस्ती जोडावीशी वाटते की, या प्रती अधूनमधून उघडून पाहाव्यात. दप्तरातील कागदाला वाळवी लागली तर ती दिसते. फाइलीला लागलेली वाळवी ती उघडल्यावाचून दिसत नाही.