जात्यावरची ओवी, लोकलमधला ताल

सर्जनशीलता म्हणजे केवळ कलावंताची देणगी, हा समज आत्मशंकेला मोठेच खतपाणी घालतो. मानसशास्त्रज्ञ कॉफमन आणि बेगेटो यांनी 2009 मध्ये मांडलेल्या चार स्तरांच्या विवेचनात थोरांच्या निर्मितीइतकेच स्थान घरगुती, दैनंदिन कल्पकतेला आणि शिकताना स्वतःपुरत्या उमगलेल्या नव्या अर्थालाही आहे.

महाराष्ट्राला याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेत, चूल आणि जाते सांभाळताना त्यांना गाणी सुचत, आणि ती पुत्र सोपानदेव व एका नातलगाने टिपून ठेवली. 1951 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि 1952 मध्ये त्या गाण्यांचा संग्रह निघाला. ओवी, म्हणजे दळताना स्त्रिया रचत आलेले लोकछंदातील गीत, अशाच वातावरणात वाढली: हात खुंट्यावर, पीठ पाळीभोवती साचणारे आणि गुण देणारा परीक्षक कोणीही नाही. रचणे आणि जोखणे ही कामे एकाच क्षणी सुरू झाली की शंका बळावते. जात्यावर ही दोन कामे आपोआप वेगळी पडत, हे या परंपरेचे खरे मर्म मानावे लागेल.

ठाकुर्लीच्या फलाटावरून रोज मुंबई गाठणाऱ्यांपाशी जाते नाही, पण प्रवास आहे. मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये टाळ वाजवत, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरत रंगणारी भजनी मंडळे उभ्या गर्दीतच चाल बसवतात, चुकलेली मात्रा पुढच्या आवर्तनात सावरून घेतात आणि नवख्यालाही कोरसमध्ये सामील करून घेतात.