जावातले सॉकेट: आतून बदललेले, बाहेरून तेच

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथे 'निस्ट' या राष्ट्रीय मानक संस्थेची प्रयोगशाळा आहे. अणुघड्याळांवरून ठरवलेली वेळ ही संस्था इंटरनेटवरून कोणालाही मोफत सांगते. त्यासाठीची सर्वांत साधी सेवा म्हणजे 'डेटाइम'. हिचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८३ साली लिहिले. सर्व्हरच्या १३ क्रमांकाच्या पोर्टशी कनेक्शन जोडायचे, एवढेच आपले काम. काही विचारावेही लागत नाही. सर्व्हर तारीख-वेळेची एक ओळ पाठवतो आणि कनेक्शन बंद करतो. सॉकेट प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला याहून चांगला पहिला धडा मिळणार नाही.

मुंबईत बसलेल्या विद्यार्थ्याने जावात 'सॉकेट' या क्लासचे नवे ऑब्जेक्ट तयार केले आणि कन्स्ट्रक्टरला बोल्डरच्या सर्व्हरचे नाव व १३ हा आकडा दिला, की त्या एका ओळीत केवढे तरी घडते. आधी डीएनएसकडून नावाचा आयपी पत्ता मिळवला जातो. ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या बाजूचा एक तात्पुरता पोर्ट निवडते. मग कनेक्शन जोडणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलचे 'सिन' पॅकेट निघते, तिकडून 'सिन-अॅक' येते, इकडून 'अॅक' जाते. मुंबई ते बोल्डर अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका फेरीला निदान १३० मिलिसेकंद हवेतच. केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात आणखी लागतात. तेवढा वेळ कन्स्ट्रक्टर थांबून राहतो. तो परतला तर हातात येणारे ऑब्जेक्ट जोडलेलेच असते. जोडणी झाली नाही तर ऑब्जेक्ट हाती येतच नाही, एक्सेप्शन येते. नाव सापडले नाही, पलीकडच्या यंत्राने कनेक्शन नाकारले, उत्तरच आले नाही, यांपैकी काहीही झाले तरी एक्सेप्शनच येते. अर्धवट जोडलेले ऑब्जेक्ट हातात घेऊन पुढे जाण्याची वेळच या रचनेत येत नाही. मला ती या क्लासमधली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हे सुख आधी नव्हते. सॉकेट ही कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील युनिक्सची. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीतून ती जगभर पोहोचली. तिथे सॉकेट म्हणजे फक्त एक पूर्णांक, उघडलेल्या फाइलला युनिक्स देते तसा क्रमांक. सी भाषेत आधी सॉकेट मागायचे, पत्त्याची रचना हाताने भरायची, पोर्टच्या आकड्यातले बाइट नेटवर्कच्या क्रमात फिरवायचे, मग जोडणी करायची आणि दर पायरीला उणे एक तर परत आले नाही ना, हे तपासायचे. एखादी तपासणी राहिली तरी कंपायलर काही बोलत नसे. बर्कलेच्या युनिक्सवर काम केलेले बिल जॉय १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांत होते, आणि त्याच सनमध्ये जेम्स गॉसलिंग यांच्या हाताखाली जावा घडली. १९९६ च्या जानेवारीत जावाची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून सॉकेट हा क्लास तिच्यात आहे.

कनेक्शन जोडल्यावर ऑब्जेक्टकडे दोन स्ट्रीम मागता येतात, एक वाचायचा आणि एक लिहायचा. फाइल वाचतानाही याच जातीचे स्ट्रीम वापरतात. त्यामुळे फाइलमधून ओळी वाचणारा कोड एक अक्षर न बदलता बोल्डरहून आलेली ओळही वाचू शकतो.

इथेच नवशिक्याची सर्वांत मोठी गैरसमजूत असते. टीसीपी संदेश पोहोचवत नाही, बाइट्सचा प्रवाह पोहोचवते. ओढ्यात वरच्या अंगाला दोन घागरी ओतल्या तर खाली उभ्या असलेल्याला कुठली घागर कुठे संपली हे कळत नाही. तसेच दोनदा लिहिलेला मजकूर पलीकडे एकाच वाचनात मिळू शकतो, किंवा एकदा लिहिलेला तीन तुकड्यांत. मराठीत लिहिणाऱ्याला हे आणखी लवकर जाणवते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'नमस्कार' या शब्दात हलन्त आणि काना धरून ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट. तुकडा 'क' च्या मधोमध तुटला आणि प्रोग्रॅमने तेवढ्याच बाइट्सची स्ट्रिंग केली, तर पडद्यावर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला ही चूक वर्षभर दिसणार नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. उपाय जावातच आहे. स्ट्रीमभोवती 'इनपुटस्ट्रीमरीडर' गुंडाळायचा आणि यूटीएफ-८ स्पष्ट सांगायचे. तो अपुरे बाइट धरून ठेवतो आणि उरलेले आल्यावरच अक्षर पुढे देतो. एन्कोडिंग न सांगता चालेल, हा भरवसा २०२२ च्या जावा १८ पर्यंत ठेवता येत नव्हता. यूटीएफ-८ हे सर्व यंत्रांवर गृहीत धरले जाऊ लागले ते त्या आवृत्तीपासून.

ऑब्जेक्ट कितीही नेटके असले तरी अंतर लपवू शकत नाही. वाचण्याच्या मेथडला मुळात कालमर्यादा नसते. पलीकडचे यंत्र वीज जाऊन बंद पडले आणि आपण नुसते वाचत बसलो तर प्रोग्रॅम कायमचा अडकतो. म्हणून टाइमआउट लावणे ही ऐच्छिक गोष्ट मानू नये. वाचनाचा टाइमआउट जावा १.१ पासून आहे, जोडणीचा २००२ च्या १.४ पासून. वाचनाचा टाइमआउट झाला तरी सॉकेट मरत नाही, पुन्हा वाचता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. आणि काम संपल्यावर सॉकेट बंद करणे हेही आपलेच काम. २०११ च्या जावा ७ पासून ते ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये घेता येते, म्हणजे मध्येच एक्सेप्शन आले तरी ते बंद होतेच.

आता या क्लासच्या पोटातले. सॉकेट हा क्लास स्वतः काम करतच नाही, ते 'सॉकेटइम्प्ल' या आतल्या ऑब्जेक्टकडे सोपवतो. ही फारकत पहिल्या आवृत्तीपासूनची. आतला कोड जावा आणि सी यांचे जुने मिश्रण होते, तो येणाऱ्या-जाणाऱ्या बाइट्ससाठी थ्रेडचा स्टॅक वापरायचा आणि त्याची देखभाल जड झाली होती. २०१९ मध्ये जावा १३ ने तो बाजूला सारला आणि नवा बसवला. एवढी मोठी शस्त्रक्रिया झाली, पण १९९६ च्या पद्धतीने लिहिलेल्या क्लायंटला आपला कोड बदलावा लागला नाही, कारण त्याने आतले कधी पाहिलेच नव्हते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत 'एन्कॅप्सुलेशन' पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना याच बदलाचे उदाहरण द्यायला हवे.

त्या बदलामागे पुढचा विचार होता. वाचताना थांबलेला प्रत्येक थ्रेड ऑपरेटिंग सिस्टीमचा एक थ्रेड अडवून ठेवत असे, आणि अशा थ्रेडच्या स्टॅकसाठी ६४ बिट लिनक्सवर सहसा १ मेगाबाइट जागा राखली जाते. हजारो कनेक्शन सांभाळायची तर लोक साधे सॉकेट सोडून चॅनेल आणि सिलेक्टरच्या किचकट मांडणीकडे वळत. २०२३ च्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. आता असा थ्रेड सॉकेटवर वाचत थांबला की नवा आतला कोड त्याला बाजूला ठेवतो आणि खालचा खरा थ्रेड दुसऱ्या कामाला मोकळा करतो. बाइट आले की वाचन जिथे थांबले होते तिथून सुरू होते.