तिखट जिभेवर, हुकूम चरबीला

ठेच्याचा पहिला घास पोटात गेला की कपाळावर घाम जमतो, नाक वाहू लागतं. एवढी आग झाल्यावर आतली चरबीही जळत असेल, असं वाटणं साहजिक आहे. ती जळते, पण थोडी. आणि तीही मज्जातंतूंच्या हुकुमावर.

मिरचीतलं कॅप्सेसिन बियांभोवतीच्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतं. जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर ‘टीआरपीव्ही१’ नावाचा रिसेप्टर असतो. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे तो उघडतो आणि चटका बसल्याचं मेंदूला कळवतो. कॅप्सेसिन त्याला उष्णतेविनाच उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये या रिसेप्टरचं जनुक शोधलं. २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा होता.

अन्ननलिकेतले आणि जठरातले मज्जातंतूही हा संदेश मेंदूकडे धाडतात. उलट निरोप तपकिरी चरबीला जातो. पोटावरची पांढरी चरबी ऊर्जा साठवते. मान, गळपट्टीचं हाड आणि मणक्याजवळची तपकिरी चरबी मात्र ऊर्जा खर्चते. मज्जातंतूंनी सोडलेलं नॉरएड्रेनालिन तिथे पोचलं, की पेशीतल्या चरबीचे थेंब फुटतात आणि ‘यूसीपी१’ हे प्रथिन त्यांतल्या ऊर्जेची थेट उष्णता करतं.

पांढऱ्या चरबीच्या पेशींवर कॅप्सेसिनचा थेट परिणामही दिसला आहे. २००७ च्या एका अभ्यासात प्रयोगशाळेतल्या कोवळ्या पेशींमध्ये कॅल्शियम शिरलं आणि त्यांचं चरबीपेशींत रूपांतर होणं रोखलं गेलं. स्निग्ध आहारावरचे उंदीरही कॅप्सेसिनमुळे लठ्ठ झाले नाहीत. रिसेप्टर नसलेल्या उंदरांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

माणसांत काय होतं? जपानी संशोधकांनी १८ तरुणांना गोड मिरचीतली, तिखट न लागणारी ‘कॅप्सिनॉइड्स’ ९ मिलिग्रॅम दिली. तपकिरी चरबी सक्रिय असलेल्यांचा ऊर्जाखर्च तासाला साधारण साडेतीन कॅलरींनी वाढला, इतरांचा जेमतेम.

त्या तुलनेत मिसळीवरच्या तर्रीचा एक मोठा चमचा घेतला, तर त्यातल्या तेलाच्याच शंभराच्या आसपास कॅलरी होतात.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०११ मध्ये २५ जणांना एक ग्रॅम लाल तिखट घातलेलं टोमॅटो सूप दिलं. जेवणानंतरचा ऊर्जाखर्च किंचित वाढला. स्निग्ध, खारट आणि गोड खाण्याची ओढ मात्र एरवी तिखट न खाणाऱ्यांची जास्त घटली. रोजच्या जेवणात झणझणीत रस्सा ओरपणाऱ्यांना त्यातून फारसं काही मिळालं नसतं.