अनाहूत साक्षीदार

इतिहास लिहिणारे आपल्या काळीं जें सर्वांस ठाऊक असतें तें बहुधा लिहीत नाहींत. राजे कोण झाले, लढाया कोठें झाल्या, तह कोणत्या अटींवर ठरले, हें सर्व बखरींत सांपडतें. पण रस्त्यावर दिवा कसला होता, घरोघर पाणी कोण वाहून नेई, दुकानाच्या पाटीवर कोणती लिपि होती, हें सांगण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. जें रोजचें, तें लिहावें कशाला? आणि म्हणूनच तें सर्वांत आधीं विस्मृतींत जातें. अशा वेळीं एक साक्षीदार आपल्या मदतीस येतो. त्याला कोणी बोलाविलेलें नसतें व काय सांगावयाचें हें कोणी पढविलेलेंहि नसतें. हा साक्षीदार म्हणजे जुन्या शहराचें छायाचित्र होय.

या कलेच्या अगदीं बाल्यावस्थेंतील एक उदाहरण पाहूं. पॅरिस शहरांत लुई दागेर नांवाच्या कलावंतानें १८३८ सालीं आपल्या खिडकींतून खालच्या ‘बुलव्हार द्यू तांप्ल’ या हमरस्त्याचें चित्र, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतलें. त्या काळीं पत्र्यावर प्रकाशाचा ठसा उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. रस्ता रहदारीनें गजबजलेला होता. परंतु चालणारीं माणसें व धांवणाऱ्या गाड्या एका जागीं न थांबल्यामुळें त्यांचा मागमूसहि चित्रांत राहिला नाहीं. राहिले ते दोघेच. जोडे साफ करून घेण्यासाठीं एक पाय वर ठेवून उभा असलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या पायाशीं वांकलेला जोडे पुसणारा. तारायंत्राचे संशोधक सॅम्युएल मोर्स यांनीं १८३९ सालीं हें चित्र पाहिलें, तेव्हां आपल्या पत्रांत त्यांनीं या प्रसंगाचा मुद्दाम उल्लेख केला. छायाचित्रांत उमटलेलीं हीं पहिलीं माणसें, असें सामान्यतः मानण्यांत येतें. दागेरला त्यांचें चित्र काढावयाचें नव्हतें. आपली कृति साधते कीं नाहीं, एवढेंच त्याला पाहावयाचें होतें. पुढें १८६२ सालीं शहराच्या नव्या रचनेंत त्या रस्त्यावरचीं बहुतेक नाटकगृहें जमीनदोस्त झालीं. तो गृहस्थ कोण व तो जोडे पुसणारा कोण, हें कोणासहि सांगतां येत नाहीं. पण ते होते, इतकें मात्र निश्चित.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील सिन्सिनाटी शहराचें. १८४८ सालीं चार्ल्स फाँटेन व विल्यम पोर्टर या दोघां छायाचित्रकारांनीं ओहायो नदीच्या पैलतीरावर उभें राहून शहराचा सबंध धक्का आठ पत्र्यांवर क्रमानें टिपला. नदीकांठचें आपलें भरभराटलेलें शहर दाखवावें, हाच त्यांचा हेतु असावा. चित्रावर दिवस नव्हता. परंतु धक्क्याला लागलेल्या आगबोटी कोणत्या, त्या तेथें कधीं होत्या आणि नदीचें पाणी कोणत्या दिवशीं किती होतें, हें जुन्या नोंदींशीं ताडून अभ्यासकांनीं तो दिवस ठरविला: २४ सप्टेंबर १८४८, रविवार. पुढें अलीकडच्या काळांत ते पत्रे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, तेव्हां साध्या डोळ्यांस ठिपक्यासारखें दिसणारें मनोऱ्यावरचें घड्याळ स्पष्ट झालें. त्यांत दोन वाजण्यास पांच मिनिटें कमी होतीं! दुकानांच्या पाट्या वाचतां आल्या, खिडक्यांतील पडदेहि दिसले. छायाचित्रकारांच्या स्वतःच्या डोळ्यांनींहि जें पाहिलें नसेल, तें त्या पत्र्यांनीं शंभराहून अधिक वर्षें जपून ठेविलें होतें. पुढच्याच वर्षीं त्या शहरांत पटकीची भयंकर साथ येऊन हजारों माणसें दगावलीं, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या शांत रविवारच्या दुपारचें मोल अधिकच वाटतें.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. येथें छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं एक होते. म्हणजे कोटाचा तट उभा होता तेव्हांच कॅमेरा येथें येऊन पोंचला होता. १८६० नंतर, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत, तो तट व त्याचे दरवाजे पाडण्यांत आले, आणि चर्चगेट दरवाजाच्या जागीं १८६४ सालीं फ्लोरा फाउंटन हें कारंजें उभें राहिलें. शहराचें रूप झपाट्यानें पालटत होतें, आणि तें पालटत असतांनाच त्याचीं चित्रें घेतलीं जात होतीं.

मुंबईच्या जुन्या चित्रांवर पुष्कळदां तारीख नसते. तथापि चित्र आपली तारीख स्वतःच सांगूं शकतें. त्याला नीट प्रश्न विचारतां आले म्हणजे झालें. रस्त्याच्या कडेला गॅसचे दिवे दिसले तर चित्र १८६५ च्या आधींचें नव्हे, कारण त्याच वर्षीं ते येथें प्रथम लागले. रस्त्यांत ट्रामचे रूळ असले तर तें १८७४ किंवा त्यानंतरचें. आणि विजेवर चालणारी ट्राम दिसली तर १९०७ ते १९६४ यांमधलें. समजा, एका चित्रांत राजाबाई मनोरा अर्धाच बांधलेला आहे आणि जवळच्या रस्त्यावर ट्रामचे रूळ आहेत. मनोऱ्याचें काम १८७८ सालीं पुरें झालें. तेव्हां तें चित्र १८७४ ते १८७८ यांमधलेंच असलें पाहिजे. छायाचित्रकाराचें सारें लक्ष मनोऱ्याकडे; रूळ चौकटींत आपोआप आले. पण काळाचा निर्णय केला तो त्या रुळांनीं!

मात्र साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याची उलटतपासणी केलीच पाहिजे. दागेरच्या चित्रावरून तो रस्ता ओस होता असें जो म्हणेल तो फसेल. शिवाय त्या पद्धतींत उजवें डावें होऊन जाई. चित्राच्या टपाली कार्डावरील शिक्का तें कार्ड केव्हां टाकलें एवढेंच सांगतो. मूळ चित्र कित्येक वर्षें आधींचें असूं शकतें. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, कॅमेरा जिकडे वळविला तिकडचेंच तो सांगतो. भव्य इमारतींचीं चित्रें विकलीं जात, म्हणून तीं पुष्कळ निघालीं. अंधाऱ्या गल्लींतल्या खोल्यांचीं फार थोडीं निघालीं. चित्र नाहीं म्हणून तेथें कोणी राहत नव्हतें, असें अनुमान काढणें अन्यायाचें होईल.

म्हणूनच चौकटीच्या कडेला जीं माणसें चुकून आलीं, त्यांचें महत्त्व मोठें. पखाल घेतलेला भिस्ती, बैल हांकणारा गाडीवान, डोकीवर पाटी घेतलेली कोळीण यांनीं आपलें चरित्र लिहिलें नाहीं, आणि दुसऱ्या कोणीं तें लिहिण्याचा संभवहि नव्हता. त्यांच्या कष्टांवर शहर उभें राहिलें, याचा डोळ्यांनीं दिसणारा पुरावा तेवढाच.

विद्यार्थिमित्रहो, असा पुरावा तुमच्या घरींहि असेल. पेटींतल्या पिवळ्या पडलेल्या फोटोंतील माणसें कोण, जागा कोणती, साल कोणतें, हें आजी-आजोबांना आजच विचारा व मऊ पेन्सिलीनें मागच्या बाजूस लिहून ठेवा. फोटो टिकेल, पण तो ओळखणारें माणूस नेहमीं असणार नाहीं. पालकांसहि विनंति आहे कीं, जुने फोटो रद्दींत टाकण्यापूर्वीं ते एकदां भिंगाखालीं धरून मुलांबरोबर पाहावे. आणि शाळेच्या वर्गाचा फोटो निघेल, तेव्हां खालीं शिक्षकांचीं व विद्यार्थ्यांचीं नांवें छापतांना, कडेला उभ्या असलेल्या शिपायाचें व माळ्याचेंहि नांव छापावें. पॅरिसच्या त्या जोडे पुसणाऱ्याचें नांव विचारण्यास आतां फार उशीर झाला आहे. यांचें विचारण्यास अद्यापि झालेला नाहीं.