कृष्णेच्या काठाने, जाणत्याच्या सोबतीने

दुकानाचे शटर एक दिवस खाली ठेवणे ही व्यापारी घरात सहज घडणारी गोष्ट नव्हे. महिनाअखेरीचा हिशेब, मालाची आवक, लग्नसराईचे गिऱ्हाईक यांतून एखादा दिवस मोकळा निघतो, आणि निघाला की घरातील तीन पिढ्यांच्या तीन इच्छा पुढे येतात. आजी-आजोबांना फार पायऱ्या नकोत, मुलांना पाणी हवे, आणि मधल्या पिढीला एका दिवसापुरते तरी सगळे दुसऱ्या कोणी ठरवून द्यावे असे वाटते. स्वतंत्र गाडी आणि सोबत एक माहितगार माणूस घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने दिवस घालवण्याची जी पद्धत कोकणच्या सागरकाठी रूढ झाली आहे, तिचे आकर्षण यातच आहे. मात्र सातारा, सांगली, पुणे या भागातील कुटुंबांनी त्यासाठी घाट उतरून समुद्रापर्यंत जायलाच हवे असे नाही. वाईचा कृष्णाकाठ तितकाच रम्य आहे, आणि तो एका दिवसात निवांतपणे पाहून होतो.

महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा पश्चिमेच्या समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटरवर जन्मते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर पूर्वेला बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. या दीर्घ वाटेवर तिला भेटणारे पहिले मोठे गाव म्हणजे वाई. पुण्याहून येणाऱ्याने खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला वळावे. सांगली-साताऱ्याकडून येणाऱ्याने पाचवडला. वाईचे घाट, मेणवली आणि धोम ही तिन्ही ठिकाणे प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे गावाकडून धरणाकडे, अशा क्रमाने पाहावीत. वाईत पोहोचल्यावर दिवसभराची सगळी धावपळ मिळून पंचवीस-तीस किलोमीटरपेक्षा फारशी होत नाही.

तरीही बहुतेक गाड्या येथे थांबतात त्या वीस मिनिटे. गणपतीचे दर्शन, एक छायाचित्र, आणि पसरणी घाटाने पाचगणीकडे. हे वाईचे दुर्दैव आहे की पाचगणीचे सुदैव, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट खरी, की या काठावरचे दगड स्वतःहून बोलत नाहीत. त्यांच्यापाशी जाणता माणूस उभा राहिला तरच कळते की येथे काय पाहायचे. मोबाइलवरील नकाशा घाटापर्यंत आणून सोडतो. पुढचे काम त्याला जमत नाही.

उदाहरण ढोल्या गणपतीचेच घ्यावे. समोरून पाहणाऱ्याला सुमारे दहा फूट उंचीची भव्य मूर्ती आणि उंच शिखर दिसते, आणि तेवढ्यावर तो समाधानी होतो. चांगला गाइड त्याला देवळाच्या मागे नेतो. तेथील भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेली आहे. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाणी या टोकावर दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते, त्यामुळे मंदिरावरचा भार हलका होतो. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे मंदिर बांधवले. अडीचशेहून अधिक पावसाळे त्या भिंतीने झेलले आहेत. नदीच्या पात्रालगत बांधायचे, तर नदीशी भांडायचे नाही, तिला वाट द्यायची, हा त्या गवंड्यांचा हिशेब होता. अलीकडे नदीकाठी उभ्या राहिलेल्या कित्येक इमारतींना हा हिशेब ठाऊक नसावा, हे दर पावसाळ्यातील बातम्या वाचून जाणवते.

रास्ते हे नाव व्यापारी वाचकाने थोडे थांबून ऐकावे असे आहे. हे घराणे सावकारीत मुरलेले आणि पुढे सरदारकीला चढलेले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातील, भिकाजी नाईक रास्ते यांच्या कन्या. गणपतीच्या शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळही रास्त्यांचेच; त्यापुढचा काळ्या, तुळतुळीत दगडाचा नंदी आणि दोन दीपमाळा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पेढीवर जमलेली रोकड घाटाच्या पायऱ्यांत, ओवऱ्यांत आणि शिखरांत कशी उतरली, याची ही उघडी खतावणीच म्हणावी. तीर्थस्थानी स्वतःच्या कमाईतून जीर्णोद्धार, धर्मशाळा किंवा पाणपोई उभारण्याची परंपरा ज्या घरांत आहे, त्यांना हा भाग परका वाटणार नाही.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी अशी येथील घाटांची नावे आहेत. हिवाळ्याच्या उत्तरार्धात कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने होतो. नदीलाच बाई म्हणून घरी आणल्यासारखे तिचे कौतुक चालते, आणि एका आळीचा उत्सव संपला की दुसरीचा सुरू होतो. त्या दिवसांत गेल्यास गर्दी असते, गाडी लांब लावावी लागते. पण घाट घाटासारखा वागताना पाहायचा असेल तर तोच काळ. एरवी सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. ऊन तिरपे असते आणि दगड तापलेले नसतात.

वयस्कर माणसे बरोबर असतील तर गाइडला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. कोणत्या घाटाजवळ गाडी येते, कोठे पायऱ्या कमी आहेत, कोठे शेवाळ आहे, हे त्याच गावचा माणूस सांगू शकतो. मुले मासे पाहून कुरमुरे, बिस्किटे टाकू पाहतात, त्यांना वेळीच थांबवावे. त्यातले थोडेच माशांच्या पोटात जाते, बाकीचे कागद-पिशव्यांसह काठालाच कुजते. जीवदयेचा उद्देश चांगला असला तरी नदीला तो आधीच जड झाला आहे.

घाट सोडण्यापूर्वी, जमल्यास, मराठी विश्वकोशाच्या कचेरीवरून गाडी न्यावी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली या गावातून विश्वकोशाचे काम चालले, आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. आत पाहण्यासारखे सामान्य प्रवाशाला फार नाही. पण घरातील शाळकरी मुलाला हे ठाऊक असावे, की मराठीतील एवढे मोठे काम मुंबई-पुण्यात न होता या नदीकाठच्या गावात झाले.

मेणवली वाईपासून तीन-साडेतीन किलोमीटरवर. दिवसाचा सर्वांत मोठा वेळ येथे द्यावा. नाना फडणवीसांचा वाडा, त्याचे चौक, जाड भिंती, लाकडी खांब, काही दालनांतील भित्तिचित्रे हे सर्व पाहण्यासारखे आहेच. पण पेढी चालवणाऱ्याला अधिक जवळचे वाटावे ते येथल्या कागदांचे प्रकरण. मराठी राज्याचा जमाखर्च ज्यांच्या हाती होता त्या नानांचे दप्तर या वाड्यात जपले गेले आणि पुढे ‘मेणवली दप्तर’ या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित झाले. साताऱ्याचे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी ते उजेडात आणण्यासाठी मोठे कष्ट घेतले. फडणीस या हुद्द्याचा अर्थच मुळी हिशेब ठेवणारा. सरदारांच्या तलवारी संग्रहालयांत गेल्या; राज्य कसे चालत होते हे मात्र या मोडी कागदांवरून समजते.

वाड्यामागून उतरले की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट लागतो. वर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ. चित्रपटांतून हा घाट अनेकांनी पाहिलेला असतो. २००४ च्या ‘स्वदेस’मधील गाव येथलेच. त्यामुळे मुले ‘हे आपण पाहिले आहे’ म्हणत धावत सुटतात, आणि मोठ्यांना खरी मौजेची वस्तू शांतपणे पाहायला मिळते.

ती वस्तू म्हणजे घाटावर टांगलेली पंचधातूची प्रचंड घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे, आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती. ही घंटा मुळात पोर्तुगिजांच्या वसईची, म्हणजे अगदी समुद्रकाठची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत पोहोचल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अशाच घंटा आहेत. कित्येक जण ‘नानांनी वसई जिंकून ही घंटा आणली’ असे ठोकून सांगतात. पण नानांचा जन्मच १७४२ चा, वसई पडल्यानंतर तीन वर्षांनी. घंटा या घाटावर आली ती नंतर. गाइड चांगला की नुसता बोलका, हे पारखायचे असेल तर त्याला येथे प्रश्न विचारावा. ‘वसई केव्हा पडली आणि नाना तेव्हा कोठे होते?’ ज्याला याचे उत्तर येते, त्याच्या बाकीच्या गोष्टींवरही बराच विश्वास ठेवायला हरकत नाही. ज्याला येत नाही पण ‘माहीत नाही’ असे जो मोकळेपणी म्हणतो, तोही चालेल.

याच संदर्भात ठरावाविषयी थोडे. गाडीचा चालक आणि गाइड या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. चालकाला रस्ता ठाऊक असतो, गोष्ट ठाऊक असतेच असे नाही. म्हणून वाईतच राहणारा माणूस अर्ध्या किंवा पूर्ण दिवसासाठी स्वतंत्र ठरवावा, आणि मोबदला सकाळीच बोलून घ्यावा. वाड्याचे प्रवेशशुल्क, गाडी लावण्याचे पैसे, त्याचे जेवण यात धरले आहे की नाही, तेही. भावात घासाघीस करण्याची सवय दुकानात ठीक. येथे ती आवरती घ्यावी. घासून कमी केलेल्या रकमेत माणूस ठिकाणे दाखवतो, पण घाई करतो. शिवाय अशा कामावर गावातील चार घरे चालली, तरच पुढच्या पिढीतील कोणी ही माहिती जपेल. नाहीतर तोही पाचगणीच्या वाटेवर स्ट्रॉबेरी विकायला बसेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

जेवणाची गोष्ट त्याच बोलण्यात काढावी. आसपासच्या घरगुती जेवणात पिठले-भाकरी, वांग्याची भाजी, आमटी उत्तम मिळते. पण कांदा-लसणाशिवाय, कंदमुळाशिवाय हवे असेल तर आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो. आयत्या वेळी सांगितले तर कांदा वेचून काढलेली भाजी पानात येते. सर्वांत बरे म्हणजे थेपले, खाखरा, दही-मिरची असा डबा घरूनच न्यावा, आणि उकळलेल्या पाण्याचे थर्मास नवकारशीच्या वेळेपासून संध्याकाळपर्यंत पुरतील इतके. काळ निवडायचा तर कार्तिकी पौर्णिमेनंतरचा. चातुर्मास संपून यात्रा पुन्हा सुरू होतात तेव्हाच पूरही ओसरलेला असतो, पाणी नितळ होते आणि काठावरची शेते हिरवी असतात. मात्र त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून दिवसाची आखणी सकाळकडून न करता संध्याकाळकडून उलटी करावी.

तिसरा टप्पा धोम. वाईपासून आठ-नऊ किलोमीटर. धौम्य ऋषींच्या नावाशी जोडलेले हे छोटे गाव धरणामुळे सर्वांना ठाऊक झाले, पण गावातील देवस्थान धरणाहून जुने आहे. शंकराच्या देवळासमोरील नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे, आणि ते कासव कमळाच्या पाकळ्यांसारख्या कुंडात आहे. कुंडात पाणी भरले की कासव पोहत असल्यासारखे दिसते. हे काम १७८० च्या सुमारास महादेव शिवराम या पुण्याच्या सावकाराने करवून घेतले. पुन्हा सावकारच! शेजारी नरसिंहाचे देऊळ आहे. एवढे नाजूक काम एवढ्या आडबाजूला कोणी आणि का करवले असेल, याचा विचार करत बसायला येथील ओटा फार चांगला आहे. दुपारच्या वेळी गावात कोणी नसते.

तेथून धरणाच्या बाजूला जावे. साडेतेरा टीएमसी पाणी साठवणारा हा जलाशय हिवाळ्यात काठोकाठ असतो, आणि पलीकडे सह्याद्रीच्या रांगा, कमळगडाचा माथा, मागे पांडवगड. समुद्राची गाज येथे नाही, पण पाण्याची रुंदी पाहून मुलांना त्याची आठवण होते. किनारी भागात नाव मिळाली तर बसण्यापूर्वी प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे का ते मोजून घ्यावे. नसेल तर काठावरूनच पाहावे. पोहण्याचा मोह होऊ देऊ नये. काठ उतरता वाटतो, पण खोली एकदम वाढते.

धोमला पोहोचायला तीन वाजले तर सर्व व्यवस्थित होते. साडेचारपर्यंत फिरणे, मग सावलीत चादर अंथरून डबे उघडणे, पाचला चौविहाराचे शेवटचे पाणी. गाइडला त्याच्या गावाजवळ उतरवून गाडी सुरूरला लागते, तेव्हा उजेड अजून थोडा शिल्लक असतो आणि मागच्या सीटवरची मुले झोपी गेलेली असतात.