साठी, बुद्धी आणि आपल्या सवयी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, घरातील वृद्ध माणूस तेच तेच विचारू लागले तर आपण हसून सोडून देतो. पुढे ते रोजच्या वाटेवर चुकू लागले की 'म्हातारचळ लागला' म्हणतो. काही घरांत तर बाहेरचे काही लागले असे समजून अजूनही अंगारा-धुपारा सुरू होतो. धम्माचा विवेक स्वीकारलेल्या समाजाला हे शोभत नाही. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. वयाबरोबर त्याचा संभव वाढतो हे खरे. पण तो म्हातारपणाचा अटळ भाग नव्हे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना हा आजार असावा. स्त्रियांत, खेड्यांत आणि शिक्षण न मिळालेल्यांत प्रमाण अधिक आढळले. आपल्या मुळशीच्या वाड्यावस्त्यांतील कितीतरी आजींना या तिन्ही गोष्टी एकदम लागू पडतात. म्हणून हा विषय स्मरणिकेत घ्यावा असे आम्हांस वाटले.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली चौदा कारणे दाखवून दिली. ती सर्व दूर करता आली, तर जगातील जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. अमुक एका व्यक्तीला तो होणारच नाही, अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही.

यांतील एक कारण आहे बालपणी अपुरे शिक्षण. शिकताना मेंदूची जी पुंजी साठते, ती पुढे आजाराचे घाव काही काळ सोसते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांची ही पुंजीही हिरावली गेली. बाबासाहेबांनी शिक्षणाचा आग्रह धरला तो केवळ नोकरीसाठी नव्हता. त्याचे हे आणखी एक फळ. विद्यार्थी मित्रांनो, दहावीनंतर शाळा सोडण्याचा विचार मनात आला तर हे आठवावे. मोठ्यांनीही आमचे वय गेले म्हणू नये. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतेच. तेव्हा नुसते ऐकून उठण्याऐवजी आजी-आजोबांना काय कळले ते विचारावे, त्यांना बोलते करावे.

पण ऐकूच येत नसेल तर? बहिरेपणाचा वाटा या चौदा कारणांत सर्वांत मोठ्यांपैकी आहे, हे वाचून आम्हालाही आश्चर्य वाटले. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बैठकीतून उठतो, घरातल्या गप्पांतून बाजूला पडतो. आणि आपण त्याला तऱ्हेवाईक ठरवतो. मेंदूला मिळणारे खाद्य मग आटते. चष्मा लावण्यात लाज नाही, मग कानाच्या यंत्रात का असावी? मोतीबिंदूचेही तसेच. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, तरी 'आता काय बघायचे राहिले' म्हणून ती पुढे ढकलली जाते.

एकटेपणा हा दुसरा शत्रू. धरणभागातील तरुण पुण्या-मुंबईला गेले, हिंजवडीकडच्या घरांतली मुले दिवसभर कामावर, म्हातारा-म्हातारी दूरदर्शनसंचासमोर. पूर्वी भातलावणीत, मोळी आणण्यात शरीराला आपोआप श्रम घडत. आता ते मुद्दाम घडवावे लागतात. रोज अर्धा तास झपझप चालावे, आणि जोडीला कोणी असावे.

उच्च रक्तदाब, मधुमेह व वाढलेले कोलेस्टेरॉल चाळिशीपासूनच मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब करीत असतात. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने छळले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून मिळते. गोळ्या 'बरे वाटले' म्हणून बंद करू नयेत. ताटात भाताचा ढीग थोडा कमी करून डाळ, पालेभाजी वाढवावी. (आंबेमोहोराच्या मुलखात हे सांगणे धाडसाचेच!)

पाचवे शील आपण सारेच मोठ्याने म्हणतो. अति मद्यपान हे त्या चौदा कारणांपैकी एक आहे, आणि धूम्रपानही. मिश्रीवर इतका अभ्यास झालेला नाही, पण तिच्यातही निकोटीन असते व ते रक्तदाब वाढवते. भगिनींनी ती निरुपद्रवी समजू नये. तरुणांनी हेल्मेट वापरावे. डोक्याला मार लागणे हेही यादीत आहे.

विसराळूपणा दिसताच डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासीनता यांमुळेही माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि हे उपचाराने सुधारू शकते. सोबत घरातील अशा व्यक्तीने जावे, जिला त्यांच्यात फरक केव्हापासून पडला हे नीट सांगता येईल; सुरू असलेल्या सर्व गोळ्याही बरोबर न्याव्यात.