मालक बदलले, कात्री चालूच

इटलीत जुना व्हिला विकायला निघाला की जाहिरातीत आधी खोल्या मोजल्या जातात. खरी मोजदाद बागेपासून व्हायला हवी. तोस्कानातल्या लुक्का शहराजवळ मार्लियाला ‘व्हिला रिआले’ आहे. तिथे घर देखणं आहेच, पण पाय अडखळतात ते हिरव्या नाट्यगृहापाशी.

सतराव्या शतकात ओर्सेत्ती घराण्याने ते उभं केलं, तेही झाडांचं. यू वृक्षांच्या कातरलेल्या भिंती म्हणजे विंगा, झुडपांचीच प्रॉम्प्टरची खोपटी, आणि रंगमंचावर पान्तालोने, कोलोम्बिना अशी इटालियन लोकनाट्यातली भाजलेल्या मातीची पात्रं कायमची उभी. जवळच लिंबांची बाग आहे. मोठाल्या कुंड्यांतली ती झाडं थंडीत आत न्यावी लागतात.

1806 साली नेपोलियनची बहीण एलिझा हिने ही जागा घेतली. ती लुक्काची राज्यकर्ती, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. ओर्सेत्तीने मिळालेली नाणी वितळवून चांदीची भांडी घडवली आणि ती तिच्या राजवाड्यावरून वाजतगाजत नेली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, विकणाऱ्याची चीड तीत नेमकी उतरली आहे. एलिझाने शेजारची बिशपची वाडी जोडून बागेचा पसारा वाढवला. पागानिनी तिच्या दरबारात वादक होता. 1814 साली भावाची सत्ता कोसळली आणि तिलाही लुक्का सोडावं लागलं.

पुढे बूर्बों घराणं आलं, राजघराण्यातले वारस आले, पडझडही आली. 1923 साली पेच्ची-ब्लंट दांपत्याने व्हिला घेतला आणि पॅरिसच्या जाक ग्रेबेरकडून बागेची नवी मांडणी करून घेतली. आज दिसते ती बाग बरीचशी एलिझाच्या भव्यतेची आणि ग्रेबेरच्या शिस्तीची. 2015 साली पुन्हा नवे मालक आले आणि डागडुजी सुरू झाली.

अशी जागा घेणं साधं नसतं. 2004 च्या वारसा संहितेनुसार संरक्षित वास्तूचा सौदा सरकारला कळवावा लागतो. सरकारला वाटलं तर 60 दिवसांत त्याच किमतीला ती स्वतः घेता येते. तोवर दोन्ही पक्ष टांगणीला. व्यवहार पार पडला तरी मोठ्या फेरफाराला वारसा खात्याची परवानगी लागते. कातरणीची मजुरी मात्र मालकाने भरायची.